दोन्ही भाकऱ्यांना कुंकू

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. रॉकेलच्या रांगेत मी उभी असले की पुढं घुसायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. अशा मुलीला ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कोल्हापुरातल्या एका दूध संस्थेनं संगणकाच्या खोलीत नोकरी दिली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, की इथं आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही आणि पायाची धूळ आत आणायची नाही. चपला दाराबाहेर काढणं तेवढं मला जमलं.

नोकरी एक वर्षाच्या बोलीवर होती आणि वर्ष दिवाळीत भरत होतं. घरीही मुदत तीच. हातकणंगल्याजवळचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा सरळ, मळा बागायती, गोठ्यात चार म्हशी. फक्त सुनेनं नोकरी केलेली त्यांना चालणार नव्हती. वडील मला म्हणाले, दिवाळीपर्यंत कायम झाल्याचा कागद आणून माझ्या हातात दे, मी त्यांना नकार कळवतो. नाही आणलास तर मात्र तोंडातून ब्र काढायचा नाही. मी ब्र न काढणं म्हणजे काय हे वडिलांना चांगलं ठाऊक होतं, तरी त्यांनी ही अट घातली. म्हणजे माणूस पक्का ठरवून बसला होता.

आता आम्ही संगणकावर काय करत होतो ते सांगते. हसायचं नाही. आम्ही म्हशी ठेवत होतो. सभासदांच्या एकेका म्हशीचा कानातला बिल्ला, गाव, कुठल्या रेड्याची, कितवं वेत, गाभण कधी गेली, व्याली कधी, रेडकू काय झालं, सगळं. जनावरांचे डॉक्टर गावोगाव हिंडून फॉर्म भरून आणायचे आणि मी ते यंत्रात घालायची. मला माझ्या चुलत भावंडांची लग्नं कुठं झाली ते सांगता येत नसे, पण आजऱ्यातल्या कुठल्याही म्हशीची आजी कोण हे मी दोन मिनिटांत काढून द्यायची.

माझ्याआधी ह्या म्हशी अण्णांकडं होत्या. अण्णा म्हणजे आमच्याकडचे नोंदींचे कारकून. लांबलचक रजिस्टरं, लाल कापडी पाठीची, लोखंडी कपाटात तालुक्यावार लावलेली. त्यांचं अक्षर असं, की म्हशीला वाचता येत असतं तर तिनं मान डोलावली असती. यंत्र आल्यापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, कारण यंत्र टिकलं की ही रजिस्टरं बंद होऊन रद्दीत जाणार होती. तरी माणूस मनानं मोठा. मला रोज दुपारी म्हणायचे, "पोरी, तुझी भाकरी करपली की माझ्याकडं ये. माझं ताट वाढलेलंच हाय."

भाकरी म्हणजे टेप. मोठ्या भाकरीएवढी चकती, तिच्यावर करड्या रंगाची फीत गुंडाळलेली. दर शनिवारी डिस्कवरच्या सगळ्या म्हशी मी त्या फितीवर उतरवून घ्यायची, म्हणजे उद्या डिस्क बिघडली तर फितीवरून परत आणता याव्यात. ऑफिसात तिला टेप म्हणणारी मी आणि साहेब, दोघंच. बाकी सगळे विचारायचे, "काय बाई, झाली का भाकरी?" टेपच्या पाठीला प्लास्टिकचं एक कडं बसवायचं, ते असलं तरच तिच्यावर लिहिता येतं, काम झालं की काढून घ्यायचं, म्हणजे चुकून कुणी पुसणार नाही. ते काढून मी हातात घालायची आणि विसरायची. एकदा तसंच घरी गेले तर आईला वाटलं, हातकणंगल्याच्या लोकांनी परस्पर पाटल्या पाठवल्या.

साहेब फौजेतून निवृत्त झालेले, बिनतारी संदेशाच्या विभागातले, मूळचे नेसरीचे. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची ऑफिसं होती, जळलेली आणि जळणार असलेली. त्यांनी टंकलिखित चार पानांची योजना केली होती. आग लागली तर काय, पूर आला तर काय, छत पडलं तर काय. चार पानांचं सार एवढंच, की टेपा दोन करायच्या, एक ऑफिसात ठेवायची आणि एक पेठ वडगावला, आमच्या दूध थंड करायच्या केंद्रातल्या कपाटात. दोन्ही टेपा एका छपराखाली कधी म्हणजे कधी येता कामा नयेत.

खरं तर टेपा तीन होत्या. तिसरी गणपतीच्या आठवड्यात यंत्रात अडकून चुरगळली आणि तिच्या जागची टेप मुंबईहून यायची होती. त्यामुळं शनिवारी पंचाईत व्हायची. वडगावची टेप नव्यानं भरायला ऑफिसात आणावी, तर दुसरी आधीच तिथं. साहेबांनी तोडगा काढला. वडगावची आत आली की ऑफिसातली बाहेर जाणार, फाटकाबाहेर, जीपमध्ये, आमच्या ड्रायव्हरच्या मांडीवर. ही भरली की अदलाबदल, म्हणजे दोन्ही त्याच शनिवारी भरून व्हायच्या.

हे ड्रायव्हर म्हणजे चाचा. पेठ वडगावचे, दोन पिढ्या गाड्या हाकणारं घर. सकाळी वडगावहून जीप आणायची, संध्याकाळी परत न्यायची, आणि टेपेच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेली गोष्ट डोक्यातून जायची नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांचे दौरे तोंडपाठ. टेपेचा डबा ते जेवणाच्या फडक्यात बांधून नेत. शनिवारी दोन-दोन तास भर उन्हात जीपमध्ये डबा मांडीवर घेऊन बसायचे, शेजारी कुणी विडी ओढायला आला तर त्याला हाकलायचे. मी एकदा म्हटलं, चाचा, सीटवर ठेवा की. तर म्हणाले, साहेबांनी मांडीवर म्हटलंय.

संचालक मंडळींचा मात्र ह्या सगळ्यावर विश्वास नव्हता. एका सभेत एकानं विचारलं, की ह्या फितीवरनं म्हशी परत आल्याल्या कुणी बघितल्यात का. साहेबांना असं काही विचारायची खोटी. त्यांनी तिथंच जाहीर केलं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हशींची डिस्क कोरी करू आणि वडगावच्या टेपवरून एकूण एक म्हैस परत आणून दाखवू. संध्याकाळी सहापर्यंत आल्या तर यंत्र राहील, रजिस्टरं बंद होतील आणि बाई कायम होतील. नाही आल्या तर यंत्र परत पाठवायचं. बाईंचं काय ते कुणी म्हटलं नाही, पण यंत्राशिवाय यंत्रवाली कशाला लागते हे मलाही कळत होतं.

मला भीती अजिबात नव्हती. दोन-दोन टेपा भरलेल्या असताना कसली भीती? उलट मी हवेत होते. नवरात्र सुरू झालं तशी मी ऑफिसात गुणगुणत फिरायला लागले आणि अण्णा मला विचारायला लागले, की हातकणंगलं ठरलं काय.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्या ऑफिसात टाइपरायटर, दुधातली फॅट काढायच्या काचेच्या नळ्या, डॉक्टरांच्या सुया, सायकली, सगळं पुसूनपासून मांडलेलं. साहेब नवरात्रासाठी नेसरीला गेलेले. यंत्राच्या खोलीत हळदकुंकू न्यायचं नाही अशी त्यांची ताकीद होती आणि मी ती मोडणार नव्हतेच. मी टेप बाहेर आणली. बाहेरच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, वर डबा ठेवला, कुंकवात बोट बुडवलं आणि डब्याला लावणार, तेवढ्यात मनात आलं, डब्याची कसली पूजा? वर्षभर राबली ती टेप. डबा नुसता बसून होता.

म्हणून मी डबा उघडला. पाचही बोटं बुडवून चकतीच्या कडेकडेनं पाच टिळे लावले, वर हळद. झेंडूचं फूल ठेवलं. अण्णांनी नारळ फोडला आणि पाणी चौफेर शिंपडलं. चकतीला खिडक्यांसारखी भोकं असतात आणि त्यांतून आतली फीत उघडी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला वाटलं, हिला काही झालं तर झालं, वडगावची आहेच की. परवा लागणार तीही वडगावचीच. एवढा विचार करून मी पेढा तोंडात टाकला.

मग कुंकवाचं ताट बाहेर जीपसाठी पाठवायचं होतं, ते मी स्वतः घेऊन गेले. चाचांनी जीप धुऊन लखलखीत केली होती, पुढं केळीचे खुंट बांधले होते. ताटात कुंकू बघून म्हणाले, जरा जास्त आण की. मी मूठभर आणून घातलं आणि घरी पळाले, कारण घरी वडिलांची शिलाई मशीन पूजेशिवाय खोळंबली होती.

दसरा मजेत गेला. संध्याकाळी दसरा चौकात ही गर्दी, सोनं लुटायला हातघाई. मी वडिलांना आपट्याचं पान दिलं आणि म्हटलं, उद्या कागद पक्का. वडील म्हणाले, बघू की. आमच्या वडिलांचं 'बघू की' म्हणजे अर्धा आशीर्वाद असतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता खोलीबाहेर ही चपलांची रास. आत संचालक, डॉक्टर, एका बाजूला अण्णा कपाटाच्या किल्ल्या मुठीत आवळून. साहेब इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांनी फौजी सुरात सांगितलं, की आधी आपत्ती, मग उपाय. उपाय हाताशी धरून केलेली आपत्ती ही आपत्ती नव्हे. आणि मला हुकूम दिला. मी डिस्क कोरी केली. एका मिनिटात जिल्ह्यातली एक म्हैस उरली नाही. एका संचालकांनी नकळत टोपी काढली.

मग चाचा डबा घेऊन पुढं आले. अंगावर नवा सदरा, डब्याचं फडकंही धुतलेलं. साहेबांनी गाठ सोडली, झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले.

टेपच्या बरोब्बर मधोमध, जिथून चकती यंत्राला बसते त्याच्या भोवती, अंगठ्याएवढा जाड कुंकवाचा ठिपका. भोवती हळद. भोकात झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. डब्यातून देवळासारखा वास आला.

चाचा मात्र अभिमानानं सांगत होते. साऱ्या हत्यारांना कुंकू आणि जी भाकरी पोरीएवढी सांभाळली तिला न्हाय, हे त्यांना बरं वाटेना. म्हणून खंडेनवमीला ते वडगावहून तिला घेऊनच आले. फाटकाच्या आत एक पाऊल टाकलं नाही, कारण दोन्ही एका छपराखाली नकोत. बाहेर जीपमध्येच, मांडीवरच, जीपबरोबर तिचीही पूजा केली आणि संध्याकाळी कपाटात नेऊन ठेवली. म्हणजे नियम तसूभरही मोडला नव्हता. साहेबांच्या चार पानांत पूर होता, आग होती, छत होतं, पण हे नव्हतं.

साहेब म्हणाले, "ही प्रत बाद. ऑफिसातली आणा."

मी जागची हलले नाही.

"बाई, ऑफिसातली."

"तिलाही कुंकू आहे, साहेब."

"कुणी लावलं?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा बोलले. "मीच लावलं. दोन्हीस्नी मीच. ह्या पोरीला काय बी ठाव न्हाय."

खोटं सांगत नाही, एक क्षण मी गप्प बसले. त्या क्षणात मला वडील दिसले, हातकणंगल्याचा मळा दिसला, चार म्हशी दिसल्या आणि त्यांची शेणं काढणारी मी दिसले. चाचांना निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती, त्यांना कुणी काढणार नाही, असंही मनात येऊन गेलं. मग माझा मलाच असा राग आला की कानशिलं तापली.

"चाचा खोटं बोलतायत," मी म्हटलं. "ऑफिसातल्या टेपला मी लावलं. ह्या हातानं. पाच बोटं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही, घड्याळाकडं बघितलं. म्हणाले, "आत्ता सव्वादहा. मंडळी सहाला परत येतील. आपत्ती झालेली आहे. पुढं?"

पुढं काय ते मला तरी कुठं ठाऊक होतं. पण राग आला की माझं डोकं चालतं, हा देवानं केलेला उपकार आहे. मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, संचालकांना चहाच्या मागं लावलं आणि दोन्ही टेपा बाहेरच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आणि बघते तर काय. माझे पाच टिळे कडेला, पूजेच्या रीतीप्रमाणं. चाचांना आमची रीत माहीत नव्हती, त्यांनी माणसाच्या कपाळाला लावावं तसं एकच बोट मधोमध टेकवलं होतं.

फीत बाहेरून आत गुंडाळलेली असते. तिची सुरुवात कडेला, शेवट मध्याजवळ. म्हणजे माझ्या टेपची सुरुवात खराब, चाचांच्या टेपचा शेवट खराब. आणि दोन्हीवर म्हशी त्याच, एकाच शनिवारच्या, एकाच क्रमानं, आजऱ्यापासून हातकणंगल्यापर्यंत. मला इतकं हसू यायला लागलं की अण्णांना वाटलं बाईचं डोकं फिरलं.

तरी आधी साफसफाई हवी होती. यंत्राचं वाचायचं डोकं फार नाजूक. कुंकवाचा कण गेला तरी अडतं. डॉक्टर मंडळींनी सुया पुसायचं स्पिरिट दिलं. श्रीखंडाचा चक्का बांधायची कोरी मलमल आमच्या गोदामात ताग्यांनी होती, ती आली. चाचांनी जीपच्या चाकात हवा भरायचा पायपंप आणला आणि फाटकाबाहेर उभं राहून दोन्ही चकत्यांतली हळद फुस्स फुस्स उडवली. तिथून जाणारा एक सायकलवाला पिवळा होऊन गेला आणि जाता जाता आम्हाला काय काय बोलला ते इथं लिहीत नाही.

आणि मग आम्ही चाचांची टेप लावली. आजरा गुळगुळीत आला. करवीर आला, कागल आला, गगनबावडा आला. छापयंत्रावर गावांची नावं कटकट उमटत होती आणि दारात उभे असलेले डॉक्टर आपापली गावं आली की एकमेकांना टाळ्या देत होते. दर तालुक्यानंतर मी यंत्र थांबवायची, मलमलीनं डोकं पुसायची, मलमल गुलाबी निघायची. गडहिंग्लजला यंत्र अडखळलं. फीत पुढं-मागं, पुढं-मागं, आणि एक गाव सोडून पुढं गेलं. चंदगड आलं, पन्हाळा आला, शिरोळपर्यंत सगळं आलं. हातकणंगल्याला मात्र ठार बंद. चाचांचं बोट नेमकं हातकणंगल्यावर पडलं होतं.

आता सांगा, माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं काय केलं असतं. एवढा एक तालुका वाऱ्यावर सोडावा असं माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी माझी टेप लावली, पुढं पळवली आणि हातकणंगलं उतरवून घेतलं. त्या स्थळाच्या चारही म्हशी एकापाठोपाठ एक सुखरूप आल्या, दोन तर गाभण होत्या.

राहिलं ते गडहिंग्लजातलं एक गाव. माझ्या टेपवर तरी ते असेल म्हणून मागं आणून बघितलं, तर तिथं अण्णांच्या नारळाच्या पाण्याचा थेंब वाळून चिकटलेला. चाचांकडं नेमकी तिथंच झेंडूची पाकळी. ठरवून करायला गेलं तर जमणार नाही. आणि ते गाव कुठलं, तर नेसरी. साहेबांचं नेसरी. साहेबांच्या आईची म्हैस त्यात.

पाच वाजून गेले होते. मी स्टुलावर बसून दोन्ही टेपांकडं बघत राहिले. हातातोंडाशी आलेला घास होता, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागं किल्ल्या वाजल्या. अण्णा कपाट उघडत होते. त्यांनी गडहिंग्लजचं रजिस्टर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली (खोलीबाहेर, हेही सांगते), पान उलगडलं आणि दारातूनच खणखणीत आवाजात वाचायला लागले. बिल्ला, वेत, रेडा, रेडकू. मी टाइप करत गेले. त्यांनी आजवर कुणाला न सांगता प्रत्येक फॉर्म आपल्या रजिस्टरातही उतरवून ठेवला होता, शेवटच्या शनिवारपर्यंत. नेसरीची शेवटची म्हैस आत गेली तेव्हा सहाला चार मिनिटं होती आणि ती शेवटची म्हैस साहेबांच्या आईची होती. अण्णा म्हणाले, "घ्या. वाढलं ताट."

संचालक आले, त्यांनी आपापल्या म्हशी विचारल्या, मी काढून दाखवल्या. त्यांचं समाधान झालं. साहेबांचं झालं की नाही कळेना. ते टिपणं काढत बसले होते आणि माझं कबुलीचं वाक्य त्यांनी लिहून घेतलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. घरी भांडी आपटली, ऑफिसात खुर्च्या आपटल्या. हातकणंगल्याहून निरोप आला की तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त बघू काय. वडील नुसते कॅलेंडरकडं बघत राहिले.

नवव्या दिवशी साहेबांची योजना नव्यानं टाइप होऊन आली. चारची पाच पानं झाली होती. पाचव्या पानावर लिहिलं होतं, की खंडेनवमीस पूजा फक्त डब्याची करावी. वडगावच्या डब्याची पूजा बाईंनी स्वतः वडगावला जाऊन करावी. आणि अण्णांची रजिस्टरं ही तिसरी प्रत समजून पुढंही चालू ठेवावीत. अण्णा ते पान तीनदा वाचून चष्मा पुसत बसले. मी वाचलं आणि उशिरानं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या खंडेनवमीला बाईंनी जायचं, म्हणजे पुढच्या खंडेनवमीला बाई इथं असणार.

दुपारी अण्णांनीच कागद आणून दिला. कायम केल्याचा हुकूम, खाली साहेबांची सही, सोबत एक कार्बन प्रत. वरच्या कोपऱ्याला अण्णांनी कुंकवाचं बोट लावलं होतं. म्हणाले, ह्याला चालतंय, हे वाचायला यंत्र लागत न्हाय. मी आधी हसले, मग भर ऑफिसात हमसून रडले आणि रडताना बघणाऱ्यांवर खेकसले.

वडिलांनी कागद उभ्यानं वाचला, बसून वाचला, मशीनच्या खणात ठेवला आणि त्याच संध्याकाळी हातकणंगल्याला पत्र टाकलं. मला एवढंच म्हणाले, की जेवून घे.

शनिवारी मी कार्बन प्रत घेऊन फाटकाबाहेर गेले. चाचा जीपमध्ये, मांडीवर डबा. मी म्हटलं, चाचा, ही वडगावला ठेवा, टेपेच्या कपाटात. दोन्ही एका छपराखाली नकोत. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, वाच. मी वाचला. म्हणाले, परत वाच. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी घडी घालून तो फडक्यात डब्याशेजारी बांधला आणि गाडी सुरू केली.

चाचा निवृत्त झाले तेव्हा आम्ही ऑफिसात त्यांचा छोटा सत्कार केला. नारळ, टोपी, शाल. बोला म्हटल्यावर ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, मला भाषण येत न्हाय, मला एकच कागद येतो. आणि हात मागं बांधून, जावक क्रमांकासकट, त्यांनी माझा हुकूम पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. कुठंही अडले नाहीत. "आपली सेवा समाधानकारक आढळल्याने आपणास या आदेशान्वये कायम करण्यात येत आहे," असं म्हणून माझ्याकडं बघून थांबले, आणि खाली साहेबांची सही आहे हेही सांगून मगच बसले.